कात ओढू नका, राजेहो!

"शहराने कात टाकली" हे वाक्य ज्या गृहस्थाने पहिल्यांदा लिहिले त्याने साप पाहिला नसावा. आणि पाहिला असलाच तर पळता पळता पाहिला असावा. २०१९ साली नागपुरात मेट्रो धावू लागली तेव्हा जो तो म्हणाला, नागपूरने कात टाकली. उड्डाणपूल झाला, कात टाकली. डांबर उखडून सिमेंटचा रस्ता झाला, पुन्हा टाकली. पक्षाने अध्यक्ष बदलला की पक्ष कात टाकतो, बँकेने पाटी बदलली की बँक टाकते, आणि आमच्या एका मेहुण्यांनी मिशी काढली तेव्हा त्यांनीही टाकली होती. या सगळ्या वाक्यांत कात टाकणे म्हणजे घामाचा सदरा काढून खुंटीला लावायचा, इस्त्रीचा अंगात घालायचा आणि शीळ वाजवत फुटाळ्याला फिरायला निघायचे, इतके सोपे काम असते.

माझे या वाक्प्रचाराशी भांडण आहे. भाषाशुद्धीचे नव्हे, शुद्धलेखनाच्या नावाने आधीच बोंब असल्यामुळे त्या भानगडीत मी पडत नाही. भांडण आहे ते सापाच्या बाजूने. या एका वाक्प्रचाराने आपली अशी समजूत करून दिली आहे की कात ही ओढली की निघते. आणि नागपूरकराला एखादी गोष्ट ओढली की निघते एवढे कळले, की ती ओढल्याशिवाय त्याला रात्री झोप येत नाही.

आधी सापाची बाजू ऐकून घ्या. कातडी आपणही टाकतो, पण आपला व्यवहार किरकोळीचा. रोज थोडी थोडी झडते, पंख्याच्या पात्यावर बसते, आणि दिवाळीला स्टुलावर चढून आपणच ती पुसतो. सापाचा व्यापार घाऊक. ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळा माल एकदम काढायचा. वाढत्या वयाच्या पिल्लाला हे महिन्या-दीड महिन्याने करावे लागते, मोठ्याला वर्षातून काही वेळा. त्याची तयारी आतून सुरू होते. जुन्या कातडीच्या खाली नवी तयार होते आणि दोहोंच्या मध्ये एक पातळसा द्रव भरतो. साप निस्तेज दिसू लागतो, जुन्या पितळेच्या भांड्यासारखा. डोळे दुधाळ, निळसर होतात.

डोळ्यांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि शास्त्रज्ञांनी, तेही चाळिशी लागलेलेच असणार, त्याला नाव दिले आहे 'चष्मा'! म्हणजे साप जन्मतःच चष्मिष्ट. कातीबरोबर हा चष्माही उतरतो आणि खाली नवा कोरा तयार असतो. नंबर तपासणे नाही, फ्रेम निवडणे नाही, दुकानदाराचे "आरसा पाहा ना साहेब, शोभून राहिला" नाही. पण जुना उतरेपर्यंतचे काही दिवस सापाला धड दिसत नाही. अशा वेळी तो जेवत नाही, कुठेतरी ओलसर अंधारात दडून बसतो आणि कोणी जवळ आले की चिडतो. कोण आले तेच त्याला दिसत नसते! चष्मा हरवलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या खोलीत जे गेले आहेत त्यांना ही अवस्था जास्त समजावून सांगायला नको.

मग एके दिवशी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप नाकाचा शेंडा एखाद्या खरबरीत दगडावर, मुळावर, विटेच्या कोपऱ्यावर घासू लागतो. ओठांच्या कडेला कात सुटते. ती कुठेतरी अडकवायची आणि आपण सरपटत पुढे निघायचे. कात मागच्या मागे उलटी होत जाते, पायमोजा काढताना होतो तशी. सगळे जमून आले तर अख्खी कात एका तुकड्यात मिळते, डोळ्यांच्या दोन काचांसकट.

सगळे जमून आले तर! या चार शब्दांत सापाचा संसार अडकलेला आहे. जमून यायला लागतो अंगात पाण्याचा पुरेसा अंश, हवेत ओलावा, घासायला काहीतरी खरबरीत, आणि डोक्याशी कोणी उभे नसणे. यांतले काही कमी पडले, किंवा सापाला जखम असली, गोचिडी-पिसवांसारखे किडे लागलेले असले, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि काही तुकडे अंगावरच वाळतात. डोळ्यावर जुना चष्मा तसाच राहतो आणि त्याच्याखाली नवा. शेपटीच्या टोकाशी वाळलेल्या कातीचे कडे बसले तर ते हळूहळू आवळते, रक्त पुढे जात नाही आणि शेपटीचा शेंडा मरतो. बोटात घट्ट झालेली लग्नातली अंगठी आठवा. फरक इतकाच की साप सोनाराकडे जाऊ शकत नाही.

आता हा प्राणी राहतो कुठे, तर नागपुरात! गावाचे नाव नाग नदीवरून पडले, तेव्हा खरे म्हणजे नागांची सोय इथे सगळ्यांत आधी पाहायला हवी होती. पण आमचा मे महिना तुम्हांला ठाऊक आहे. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित यंत्राने तापमान ५६ अंश दाखवले होते. यंत्र बिघडले होते असा खुलासा हवामान खात्याने मागाहून केला. त्या दुपारी रामदासपेठेतून चालत आलेल्या माणसांना मात्र यंत्रात काही बिघाड वाटला नव्हता. अशा दिवसांत दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून चिमटा लावेपर्यंत वाळतो. मग सापाने काय करावे? जे आपण करतो तेच. कूलर गाठावा. वाळ्याच्या ओल्या ताट्या, खाली टपटपणारे पाणी, त्या पाण्याला आलेले बेडूक. जेवणाखाण्यासह थंडगार खोली दुसरीकडे कुठे मिळणार?

आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात असेच झाले. कूलरच्या स्टँडखाली एक धामण निघाली. चांगली हातभर-दोन हात नव्हे, माणसापेक्षा लांब. अंगावर कातीच्या चिंध्या लोंबताहेत, डोळ्यांवर पांढरट पडदा. बातमी फुटली आणि पाच मिनिटांत गल्ली भरली. नागपुरात अपघात, भांडण आणि साप यांना गर्दी जमायला आमंत्रण लागत नाही. प्रत्येक जण हातात काहीतरी मदत घेऊन आला होता. एका मावशींनी वाटीभर दूध आणले. एकाने अंगारा आणला. एका पोरट्याने मोबाईल आणला. त्याची मदत आम्हांला नसून जगाला होती.

रिटायर झालेले एक काकाजी पुढे सरसावले. रिटायर माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टी अर्धवट निघालेल्या दिसतात आणि त्या आपण पूर्ण कराव्या असे वाटते. "त्याले तरास होऊन राहिला ना बाप्पा," ते कळवळून म्हणाले, "वरचं टरफल तं निघालंच हाय. थोडंसं वढलं का झालं मोकळं!" आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी स्वयंपाकघरातली सांडशी आणून धामणीच्या पाठीवरचा एक लोंबता तुकडा धरला आणि ओढला.

तुकडा निघाला. त्याच्याबरोबर खालचे नवे, अजून ओले असलेले खवलेही निघाले. पाठीवर रक्ताची रेघ उमटली. धामण वळली, सांडशीवर तोंड मारले आणि कूलरच्या तळाशी गच्च दडून बसली. काकाजी दोन पावले मागे सरून म्हणाले, "पाहा! भल्याचा जमानाच नाही राहिला."

तेवढ्यात कोणीतरी बोलावलेली सर्पमित्र मुलगी स्कुटीवरून आली. कॉलेजात जाणारी, दोन वेण्या, पायांत बूट. आधी तिने गर्दीला मागे हटवले, मग साप कोणता ते नीट पाहून घेतले, आणि मग विचारले, "हात कोणी लावला?" त्या प्रश्नाला गल्लीतल्या एकाही पुरुषाने उत्तर दिले नाही. तिने एक जुना खरबरीत टॉवेल मागितला, पाण्यात बुडवून पिळला आणि कापडी पिशवीच्या तोंडाशी सैलसर गुंडाळून ठेवला. धामणीला हळूच त्या टॉवेलाच्या घड्यांत जाऊ दिले. साप आपणहून आत सरपटला, टॉवेलात घासत घासत पुढे पिशवीत गेला, आणि बाहेर राहिलेल्या टॉवेलात कातीच्या तीन-चार लांब पट्ट्या निघालेल्या होत्या. कोणी ओढल्या नाहीत. ओल्या कापडात त्या सुटल्या.

"पण डोळ्यावरचं राह्यलं ना!" काकाजी म्हणाले. त्यांच्यातला मदतनीस अजून शिल्लक होता. "चिमट्यानं काढून टाक ना पोरी."

"काकाजी," ती पिशवीची गाठ बांधत म्हणाली, "तुमचा मोतीबिंदू कोणी सांडशीनं काढला होता काय?"

धामण वनखात्याकडे गेली. पाठीच्या जखमेवर औषधपाणी झाले, डोळ्यावरचा पडदा पुढच्या कातीच्या वेळी पडला, आणि मग तिला सोडून दिले, असे त्या मुलीने नंतर कळवले. गल्लीत मात्र ही हकिगत "काकाजीनं सापाला वाचवलं" या नावाने सांगितली जाते. त्या मोबाईलवाल्या पोरट्याच्या चित्रफितीत तसेच दिसते म्हणे.

मला काकाजींचा राग नाही. काकाजी आपल्या सगळ्यांत आहेत. माझे म्हणणे इतकेच की सापाला लागते पाणी, ओला अंधार, खरबरीत दगड आणि एकांत. आणि आपण नेतो दूध, हळदकुंकू, सांडशी आणि शेजारीपाजारी. म्हणजे सापाला काय हवे ते आपण विचारतच नाही. आपल्या घरात काय आहे ते उचलतो आणि त्याला देतो.

दुधाचेच घ्या. सापाला दूध नको असते. त्याचे पोट दुधासाठी केलेलेच नाही. मग नागपंचमीला तो पितो कसा? कारण त्याला पकडून आणणाऱ्याने त्याला आधी कित्येक दिवस तहानलेले ठेवलेले असते. इतक्या तहानेल्या जिवापुढे काहीही ओतले तरी तो तोंड लावील. त्या नागाचे विषदंत मोडलेले असतात, कधी तोंड शिवलेले असते. वर आपण त्याच्या फणीवर हळदकुंकू टाकतो, ते त्याच्या पापणी नसलेल्या डोळ्यांवर पडते. उपाशी, तहानलेला, जखमी साप कात कशाच्या जोरावर टाकणार? आपण त्याला नमस्कार करून घरी येतो आणि पुरणाची दिंडे खातो. तो टोपलीत वाळत राहतो.

यावर लगेच कोणी म्हणेल, "परंपरा आहे." आहे ना! विदर्भातून हजारो माणसे श्रावणात पचमढीच्या नागद्वाराला जातात. डोंगर चढतात, पावसात भिजतात, गुहेतल्या नागदेवाला नमस्कार करून परत येतात. त्यांतल्या कोणाला जिवंत नाग पिशवीत घालून न्यावा लागत नाही. आपल्या आजीने पाटावर गंधाने नाग काढला, त्याला लाह्या वाहिल्या, आणि त्या दिवशी घरात चिरणे, कापणे, तळणे बंद ठेवले. जमिनीत नांगर घालू नये हासुद्धा त्याच दिवसाचा दंडक. मला तर वाटते आजीला सापाचे सगळे कळले होते. एक दिवस तरी हात आवरा, हेच ती सांगत होती. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या मिरवणुका निघत. त्यांना लगाम घालायला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आजीचे काम न्यायमूर्तींना करावे लागावे, ही काही परंपरेची शोभा नव्हे.

पण भाविकाला तरी देवाचे भय असते. आता एक नवा मदतनीस निघाला आहे, आणि तो भाविकापेक्षा अवघड आहे. तो हौशी आहे. त्याने साप पाळला आहे.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातला पुतण्या असाच. त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत एक बॉल पायथन आहे. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाबरला की स्वतःचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. पुतण्याने त्याचे नाव 'शेरू' ठेवले आहे. सापाला बाहेरचे कान नसतात, ही या नामकरणातली किरकोळ अडचण. खोलीत ए.सी. चोवीसावर. पेटीत खाली वर्तमानपत्राचा कागद, एक प्लॅस्टिकचे झाड आणि एक दिवा. शेरूची कात चिवड्यासारखी तुकड्यातुकड्यांनी पडत होती. पुतण्या मला म्हणाला, "काका, हा माझ्यावर रागावला. तीन हप्ते झाले, खाऊन नाही राहिला. आणि कात काढायले गेलो तं फुसकन करते. इतकं केलं मी त्याच्यासाठी!"

"इतकं केलं मी त्याच्यासाठी" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते, आणि ज्याच्यासाठी केले तो बहुधा असाच कोपऱ्यात चेंडू होऊन बसलेला असतो.

हौशी मंडळींशी माझे भांडण इथे आहे. रानातला साप अडला तर तो स्वतःची सोय पाहतो. बिळात शिरतो, ओढ्याकाठी जातो, दगड शोधतो. त्याला उठून जाता येते. तुम्ही त्याला काचेच्या पेटीत ठेवले त्या दिवशी त्याचे हे उठून जाणे काढून घेतले. आता त्याचा पाऊस तुम्ही, त्याचे बीळ तुम्ही, त्याचा ओढा आणि त्याचा दगडही तुम्ही. एवढी कामे अंगावर घेतली, तर ती करा. ए.सी. हवा कोरडी करतो, दिवा आणखी कोरडी करतो, आणि मग कात अडली की तुम्ही चिमटा घेऊन उभे! आधी तहान लावायची आणि मग दूध पाजायचे, हे गारुड्याचेच काम झाले. गारुड्याकडे फक्त ए.सी. नव्हता.

काय करायचे ते अगदीच अवघड नाही. डोळे दुधाळ दिसले की त्याला हात लावणे बंद. खायला घालण्याचा आग्रह बंद. त्याची एकादशी आहे असे समजा. पेटीत पाण्याचे पसरट भांडे ठेवा, ज्यात तो अंग बुडवून पडू शकेल. एक झाकणाचा डबा घ्या, त्याला शिरण्यापुरते भोक पाडा, आत ओले शेवाळ किंवा ओले फडके ठेवा; चिखल नव्हे, नुसते ओले. एक खरबरीत दगड किंवा साल असलेली फांदी ठेवा. इतक्यावर बहुतेक वेळा काम भागते. कात तरीही अडली तर पसरट टबात कोमट पाणी घ्या, हाताला ऊन लागेल न लागेल इतपत, सापाचे डोके सहज वर राहील इतकेच खोल. अर्धा तास त्यात राहू द्या, आणि त्या अर्ध्या तासात तिथून हलू नका, फोन वाजला तरी. मग ओल्या टॉवेलाच्या घडीतून त्याला आपणहून जाऊ द्या. त्या मुलीने केले ते हेच. डोळ्यावरचा चष्मा राहिला, शेपटीला कडे बसले, तर जनावरांच्या डॉक्टरकडे जा. नखाने, चिमट्याने, सेलोटेपने काही एक करू नका. नवा डोळा जुन्याच्या खालीच असतो, आणि तो एकदाच निघतो.

आणि ही कृती वाचून कोणी अंगणातल्या सापाला टबात घालायला निघू नये. आपल्या रानातले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. परदेशी सापांचीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. शेरूचे नाव ठेवले तसे शेरूचे कागदही हवेत. शिवाय नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांना तुमचा हेतू चांगला आहे हे कळत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक शेतात राबणारी, अंधारात चालणारी, जमिनीवर झोपणारी गरीब माणसे. त्यांना साप टाळता आला नाही. तुम्हांला टाळता येत असताना, दिसत नसलेल्या आणि म्हणून चिडलेल्या सापाजवळ बोट नेणे याला धाडस म्हणत नाहीत. अंगणात साप दिसला तर लांब उभे राहा, पोरांना आत घ्या, वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचे उपचार केंद्र आहे. जखमी जनावरांची सोय तिथे होते. तुमच्या सांडशीची तिथे गरज लागत नाही.

"म्हणजे काय, नुसतं पाहत बसायचं?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि जरा तिरसटपणेच विचारला जातो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

आहे. आणि या बाबतीत विदर्भाला कोणी शिकवायला नको, कारण अडलेल्या सापाला मदत करणारा एक थोर माणूस आमचा जावईच होता. नळराजा, आमच्या दमयंतीचा नवरा. रानाला वणवा लागला होता आणि कर्कोटक नावाचा नाग शापामुळे जागचा हलू शकत नव्हता, ही महाभारतातली कथा. नळाने त्याला उचलले, आगीबाहेर आणले. नाग म्हणाला, पावले मोजत चल. दहाव्या पावलाला तो नळाला चावला. संस्कृतात 'दश' म्हणजे दहा, आणि 'दश' म्हणजे 'चाव' सुद्धा. नळाने "दश" म्हटले आणि नागाने आज्ञा पाळली. व्याकरण न शिकता सापाजवळ जाऊ नये, असाही याचा एक अर्थ होतो.

पण नळाने केले काय ते पाहा. आग होती तिथून उचलले आणि जिथे आग नाही तिथे ठेवले. झाले. त्याने कर्कोटकाची कात सोलली नाही, त्याला दूध पाजले नाही, त्याला राजवाड्यात नेऊन शेरू म्हणून हाक मारली नाही. आणि चावला म्हणून "भल्याचा जमाना नाही" असेही म्हणाला नाही. त्या दंशाने नळाचे रूप पालटले, पुढे त्याचे भलेच झाले, आणि जुने रूप परत मिळवायला कर्कोटकाने त्याला दोन वस्त्रे दिली. ती केव्हा अंगावर घ्यायची ते नळाने स्वतः ठरवले. नागाने ती त्याच्या अंगात कोंबली नाहीत. नाग झाला तरी कात टाकणाऱ्यांच्या जातीतला. कपडे बदलणाऱ्याच्या खोलीत शिरू नये एवढी रीतभात त्याला होती.

मदत म्हणतात ती याला. आग लागली असेल तर उचला. नसेल तर पाण्याचे भांडे ठेवा आणि दार लोटून घ्या. ही मदत करणे फार जड जाते हे मला माहीत आहे. तिचा फोटो निघत नाही. गल्लीत तिची हकिगत होत नाही. "मी काय केलं? मी पाण्याची परात ठेवली आणि आत जाऊन पेपर वाचत बसलो", हे सांगताना छाती फुगत नाही. पण त्या परातीत रात्री कोण येऊन पडले आणि पहाटे धुऊन निघालेल्या अंगाने कुठे गेले, हे तुम्हांला कळलेच नाही तर समजा मदत नीट झाली.

तेव्हा ज्यांना कात टाकण्याचा वाक्प्रचार वापरायचाच असेल त्यांनी खुशाल वापरावा, पण पुरा वापरावा. शहराने कात टाकली म्हणजे शहर काही दिवस आंधळे झाले होते, धुळीने माखले होते, अन्नपाण्यावरची वासना उडाली होती आणि जो जवळ येईल त्याच्या अंगावर जात होते. मेट्रोचे खांब उभे राहत असताना वर्धा रोडने जो रोज ऑफिसला गेला आहे, तो हे शपथेवर सांगेल. त्या अर्थाने नागपूरने कात टाकली हे मला मान्य आहे. काही तुकडे अजून अंगावर आहेत. पाऊस येऊ द्या, सुटतील.

आणि कधी बागेत, वाड्याच्या पडवीत किंवा कूलरमागे अख्खी कात पडलेली सापडली तर एक गंमत करून पाहा. घरातली माणसे काठ्या घेऊन कातीचे तोंड जिकडे आहे तिकडे धावतील. साप तिकडेच गेला असणार ना! पण कात पायमोज्यासारखी उलटी निघते हे मघाशी सांगितले. तोंड जिथल्या तिथे अडकून राहते आणि शेपूट सगळ्यांत शेवटी, पुढे जाऊन सुटते. म्हणजे साप गेलेला असतो तो शेपटाच्या दिशेने. मंडळींना तोंडाच्या बाजूचे झुडूप मनसोक्त बडवू द्या. तो केव्हाच दुसऱ्या बाजूने गेला आहे, नवा चष्मा लावून.